आलंच की, हे काय

हंगामातल्या पहिल्या ड्युएथलॉनला मी नियमाप्रमाणे आमच्या ह्यांना सायकलशेजारी टांगलं. कॉलरमधून हँगर घातला, आडव्या नळीला अडकवला, पायाखाली माझा टॉवेल आणि पाण्याची बाटली ठेवली. प्रत्येक स्पर्धकाला आपलं एक माणूस असं ठेवावंच लागतं. आधी पळून यायचं, मग सायकल काढायची, सायकल फिरवून आणून परत टांगायची, आणि शेवटच्या पळण्याला आपलं माणूस काढून बरोबर घ्यायचं. टांगलेलं माणूस हलकं हलकं होत जातं. शर्यत संपते त्या कमानीखालून नेलं की पुन्हा होतं तसं भरतं. नाही नेलं तर तिथंच राहतं. नळीच्या पार टोकाला मागच्या हंगामातली दोघं अजून होती. पावसात भिजू नयेत म्हणून कुणीतरी त्यांच्यावर प्लास्टिक घातलं होतं.

"काखेत काचतंय गं," हे म्हणाले.

"मला मागच्या वर्षी काचत होतं तेव्हा काय म्हणालात? सवय होईल म्हणालात."

"मग होईल," हे म्हणाले.

मागच्या वर्षी पळायला हे होते आणि टांगलेली मी होते. टांगल्यावर दुखत वगैरे काही नाही. फक्त डोक्यात एकच गोष्ट फिरत राहते, आता किती राहिलं. शेवटच्या पळण्यात ह्यांच्या खांद्यावर पडल्या पडल्या मी विचारलं, "अहो, किती राहिलं?" तर हा माणूस गप्प! ढिम्म! हूं नाही की चूं नाही. कमानीखालून गेल्यावर मी भरले, पायावर उभी राहिले, आणि तिथून पुढे आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नाही. भाजीत मीठसुद्धा घातलं नाही मुद्दाम. माणसानं विचारलं तर दोन शब्द बोलायला काय धाड भरते?

या वर्षी ह्यांचा दम जायला लागला. जिना चढताना मध्येच बसतात आणि चपलेत खडा गेल्याचं सोंग करतात. पण एकदा नाव नोंदवलं की ते दर हंगामाला येतं, घरातल्या कुणीतरी जावंच लागतं. म्हणून मी. कुंदा चौगुले, पिको-फॉलचं दुकान, गुडघे कुरकुरतात, याआधी शर्यत म्हणाल तर शाळेत लिंबू-चमचा.

"हे बघ कुंदे," हे नळीवरून म्हणाले, "आधी हेल्मेटचा पट्टा, मग सायकलीला हात. परत आलीस की आधी सायकल टांगायची, मग पट्टा सोडायचा. उलटं केलंस तर बाद."

"शंभरदा सांगितलंय."

"आणि रस्त्यात कुणाला विचारायचं नाही, किती राहिलं म्हणून."

हे तर इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणी 'आलंच की' म्हणालं की रस्ता वाढतो. पण आपली माणसं पडली चांगली. घामाघूम बाई समोर दिसली तर खरं सांगवत नाही त्यांना.

"नाही विचारणार," मी म्हणाले.

"शपथ घे."

"तुमची शपथ," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. दुसरं कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं.

शेजारच्या हुकाला विम्याचे एजंट नांदगावकर यांनी सासूबाईंना टांगलं होतं. त्या म्हातारबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "जावईबापू, लवकर आटपा. माझा चहा व्हायचाय."

पहिलं पळणं बरं झालं. मैदानाला वळसा, तळ्याच्या कडेनं जायचं आणि यायचं. सगळेच नवीन कपड्यातले, सगळेच हसत होते. मी शेवटून तिसरी आले, पण आले. ह्यांना हात लावून पाहिला. ओल्या चादरीइतके झाले होते. पाय वाऱ्यावर जरा हलत होते.

मी सायकलीकडे हात नेला तर हे केवढ्यानं ओरडले, "पट्टा!"

आजूबाजूच्या चारजणांनी आपापले पट्टे चाचपले. मला हसू आलं. एवढा आवाज आहे म्हणजे काळजीचं कारण नाही, असं मला वाटलं. पट्टा लावला, सायकल काढली आणि निघाले.

सायकलीचा रस्ता उसातून सरळ जातो. टोकाला एक केशरी शंकू ठेवलेला असतो, त्याला वळसा घालून परतायचं. शंकूपाशी शिंगाडे मास्तर बसतात. शाळेत कवायत शिकवायचे, आता निवृत्त आहेत, दरवर्षी हे काम हौसेनं करतात. मोपेड आडोशाला लावून, गळ्यात शिट्टी घालून ते बसलेले मला लांबून दिसले. शंकूही दिसला. माझा जीव भांड्यात पडला.

बांधावर एक आजी वैरण कापत होती. मी तिला काही विचारलं नव्हतं. देवाशपथ, तोंड उघडलं नव्हतं. तीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुठवर जायाचं गं बाई एवढ्या उन्हाचं?"

वडीलधाऱ्या बाईला उत्तर न देता पुढं कसं जायचं? "त्या शंकूपर्यंत," मी म्हणाले.

"आलंच की मग! ह्ये काय!"

शिंगाडे मास्तर उठले. पँट झटकली, शंकू काखेत मारला, मोपेडला लाथ मारली आणि पुढे निघून गेले. ऊस दोन्ही बाजूंनी तेवढाच लांबला.

मी पायडल मारत राहिले. पुढे रसाच्या गाडीवर दोघं बसले होते. त्यांच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. खाली मान घालून चालले होते, छातीत भाता चालला होता, आणि कसं झालं कोण जाणे, जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "ओ दादा, किती राहिलं?"

 हात हँडलवरून सुटता सुटता राहिला.

"आलंच ओ ताई! ह्ये टेकाड चढलं की उतारच हाय."

टेकाड नव्हतं तिथे. त्यांनी म्हटल्यावर झालं. मी चढायला लागले. वरून पाहिलं तर शिंगाडे मास्तर शंकू घेऊन पलीकडे उतरत होते. त्यांना मी गाठलंसुद्धा एका ठिकाणी. मोपेड बंद पडली होती आणि ते ती ढकलत होते.

"मास्तर, ठेवा की तो इथंच," मी म्हणाले. "ह्यांना टांगलंय हो मी तिकडं."

"मला हौस आहे का वहिनी?" मास्तर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमचा बळवंत माझा विद्यार्थी. पण लोक म्हणतात आलंच, मग मला उचलावं लागतं. तुम्ही विचारता कशाला?"

"चुकून गेलं तोंडातून."

"सगळ्यांचंच चुकून जातं," ते म्हणाले आणि मोपेड सुरू झाली.

पुढच्या वस्तीत मी आधीच ओरडत शिरले. "कुणी काही बोलू नका! हात जोडते, काही म्हणू नका!" बायका दारात आल्या. एकीनं धावत येऊन माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला. "अगं माझे बाई, रडू नको," ती म्हणाली. "एवढी आलीस, आता काय राहिलंय? आलंच." मागच्या सगळ्याजणी म्हणाल्या, "आलंच की." मी तिथंच रस्त्यात उभी राहून गूळ खाल्ला आणि रडले. गूळ चांगला होता. त्या बायकांवर रागावणार तरी कसं?

त्या वस्तीनंतर घरं संपली. ऊसही संपला. नुसता माळ, माणूस नाही की जनावर नाही. आणि माणूस नाही म्हटल्यावर वळण लगेच आलं. मास्तर शंकूशेजारी मांडी घालून बसले होते. मी वळसा घातला, त्यांनी शिट्टी वाजवली. 

परतताना पुन्हा तीच वस्ती, तेच टेकाड, तीच आजी लागणार होती. मी सायकल थांबवली. दुकानात गिऱ्हाईक फार बडबडायला लागलं की मी टाचण्या दातांत धरते. टाचण्या तोंडात असलेल्या बाईशी कुणी बोलत नाही, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. छातीवरचा नंबर काढून खिशात कोंबला. त्याच्या चार सेफ्टी पिना होत्या, त्या दातांत धरल्या आणि निघाले.

वस्तीतल्या बायकांनी माझं तोंड पाहिलं. "कामात हाय वाटतं," एक म्हणाली, आणि सगळ्याजणी बाजूला झाल्या. रसवाल्यांनी नुसती मान हलवली. आजीनं विळा वर केला. रस्ता होता तेवढाच राहिला. मला इतका आनंद झाला की पिना दातांवर वाजायला लागल्या. तोंड बंद ठेवायचं, एवढं सोपं होतं आणि मागच्या वर्षी ह्यांनी ते मला का सांगितलं नाही, असं वाटलं. मग वाटलं, सांगितलं असतं कधी, मी बोलत नव्हते ना त्यांच्याशी.

मैदानात आले तेव्हा ऊन उतरलं होतं. नळ्या रिकाम्या होत्या. नांदगावकरांची सासू केव्हाच भरून, खुर्चीत बसून, बशीत ओतून चहा पीत होती. मंडपवाले खांब सोडत होते. नळीच्या टोकाला ती मागच्या हंगामातली दोघं, आणि त्यांच्या अलीकडे एक जागा सोडून हे. कुणीतरी ह्यांच्यासाठीही प्लास्टिक आणून तिथं घडी करून ठेवलं होतं. 

"अहो," मी पिनांमधून म्हणाले.

हे वाऱ्यावर फडफडत होते. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते की माझ्या पाठीमागच्या मैदानाकडे, ते कळत नव्हतं.

मग मी काय करावं? सायकल तशीच धरून, टांगायच्या आधी, त्यांच्या तोंडासमोर हेल्मेटचा पट्टा सोडला. सावकाश सोडला. बक्कल त्यांना ऐकू जाईल असं वाजवलं. ओरडा, म्हटलं मनात. बाद करा मला. शिव्या घाला.

हे काहीच म्हणाले नाहीत.

मी पट्टा पुन्हा लावला, सायकल टांगली आणि मग पुन्हा सोडला. नियमाप्रमाणे. बघायला कुणी नव्हतं.

हँगरवरून काढलं तर एका ब्लाऊजपीसइतकेसुद्धा हे भरेनात. खांद्यावर टाकले, वाऱ्यानं उचलले. हातात धरले, तर पळताना मुठीत चुरगळायचे. पन्नास पावलांवर कमान उभी होती, फुगवलेली, निळी, दोन माणसं तिचे दोर धरून होती. शिंगाडे मास्तर येऊन तिच्या पायाशी उभे होते आणि मला हातानं या या करत होते.

तोंडातल्या पिना काढल्या आणि ह्यांना छातीवर लावून घेतलं. दोन खांद्यांपाशी, दोन कमरेपाशी. चुणी पडू दिली नाही. आयुष्यभर साड्यांना फॉल लावले, पण इतकं सरळ काही लावलं नव्हतं. मग पळायला लागले.

पाय उचलत नव्हते पण कमान मोठी होत होती. दोरवाल्यांच्या मिशा दिसायला लागल्या. सासूबाई बशी खाली ठेवून बघत होत्या. माझ्या छातीवर हे चिकटून बसले होते, आणि त्यांचा श्वास, एवढासा, माझ्या गळ्याला लागत होता. आहेत, मी म्हटलं. आहेत अजून.

"कुंदे," हे म्हणाले.

मला ओळखलं! केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. धावता धावता मी त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

"कुंदे, किती राहिलं गं?"

मला सगळं माहीत होतं. ते मागच्या वर्षी गप्प का राहिले, तेही मला आत्ता कळलं, आणि त्यांना त्या वेळी किती जड गेलं असेल तेही. दहा पावलं होती. दात आवळून दहा पावलं टाकायची होती. पण तोंडात पिना नव्हत्या. आणि त्यांचा आवाज तापातल्या पोरासारखा होता, त्यांना भीती वाटत होती, आणि विचारत होते मला.

"आलंच की," मी म्हणाले. "हे काय."

"बरं," हे म्हणाले आणि माझ्या छातीवर निवांत झाले.

शिंगाडे मास्तरांनी हात खाली घेतला. दोरवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कमान दोन्ही बाजूंनी उचलली आणि ती घेऊन गावाकडे चालायला लागले. गावात दिवे लागत होते. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.