दाढेतला शेवटचा घास

मित्रांनो, मी दगडात रुतलेले एक जुने अस्वल आहे. सगळे नाही, कवटी तेवढी उरली.

मी लाटांत हिंडणारे अस्वल. ओहोटी लागली की खडकांवर चढायचे, चिकटलेल्या शिंपल्यांखाली पुढचे दात घालायचे, मान झटकून ते उपटायचे आणि दाढांनी करकर फोडून खायचे. भरती यायच्या आत पोट भरायला हवे, म्हणून स्वस्थ बसणे मला ठाऊकच नव्हते. एकदा घास दाढेतच राहिला आणि मी गाळात गेले. गाळाचा दगड झाला.

पुढे कोणी मला कड्यातून खणून काढले आणि फ्रँकफर्टच्या एका संस्थेत आणले. चिठ्ठीवर चुकून लिहिले, 'सील', म्हणजे मासे खाणारा समुद्रातला प्राणी. सीलांच्या फळीवर मी वर्षानुवर्षे पडून राहिले. बाहेरून ट्राम गेली की फळी थरथरे, आणि मला वाटे, भरती आली.

१९६२ च्या हिवाळ्यात पुण्याचा श्रीरंग तिथे संशोधनाला आला. दगडातून अर्धी दिसणारी माझी दाढ त्याने चाचपली आणि तिथल्या प्राध्यापकांना सांगितले, सीलला अशी रुंद दाढ नसते, हे शिंपले खाणारे अस्वल आहे. शुक्रवारी सगळे सील पेट्यांत घालून तळघरात जायचे होते. त्याआधी सिद्ध करा, असे ते म्हणाले.

छिन्नीने दगड काढायला महिने लागले असते. श्रीरंगने मला आम्लात ठेवले. त्यात दगड विरघळतो, हाड राहते. घाईत त्याने आम्ल जरा जास्तच ओतले. त्याची बायको सुधा डबा घेऊन आली, तरी त्याच्या येरझाऱ्या थांबेनात.

"अहो, बसा जरा. तुमच्या चालण्यानं तो दगड लवकर विरघळणार आहे का?"

तो खाली वाकला. बुडबुडे दाढेपाशीच फार येत होते. त्याचा चेहरा उतरला.

"सुधा, पाणी आण. हा दगड नाही, शिंपला आहे. मी पुरावाच विरघळवतोय."

दोघांनी मला भराभर धुतले. घास बराचसा गेला होता. रुंद दाढेच्या खाचेत नखाएवढा फुटका तुकडा उरला होता. प्राध्यापकांनी तो भिंगातून बराच वेळ पाहिला.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', असे ते जर्मनमध्ये म्हणाले, "अस्वलच." आणि माझी चिठ्ठी काढून घेतली.

शुक्रवारी सील खाली गेले. मी वरच राहिले. अजूनही ट्राम गेली की मला मान झटकावीशी वाटते.

मित्रांनो, जुनी वस्तू साफ करायला घ्याल तेव्हा हात जरा आवरा. तुम्हाला जो मळ वाटेल, तो कोणाच्या तरी तोंडातला घास असेल.