ठकूची ओवी

“ह्ये गाणं हितंच ऱ्हाऊ द्या बरं का, ताई. उंबऱ्याभायेर न्हाई न्यायचं,” गोजराबाई म्हणाल्या होत्या. अपूर्वाने हसून मान डोलावली, आणि मोबाईलवरचं रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.

गोजराबाई अपूर्वाच्याच गावच्या, नेऱ्याच्या. अपूर्वाच्या चार महिन्यांच्या मुलीला, जुईलीला, तेल लावायला रोज यायच्या. तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना स्वतः रचलेलं गायच्या:

‘ठकू गं गेली सासरी, अंगात भरलं हीव
न्हवरा पुसं काय झालं, कसं सांगू गेला जीव’

“मावशी, कोण हो ही ठकू?”

“मैतरीण. शेजारच्या चांदे गावाला दिली. आता तिलाबी दात न्हाईत नि मलाबी. दर बुधवारी जाते, दोगी दुधात भाकर कुस्करून खातो.”

अपूर्वाने कॉलेजात एका प्राचीन ग्रीक कवयित्रीचा अभ्यास केला होता. मैत्रिणींवर जीव ओवाळून टाकणारी बाई. अडीच हजार वर्षांनी तिच्या तुटक ओळी तेवढ्या उरलेल्या, तरी अजून बायका त्यांत स्वतःला शोधतात. गोजराबाईंचं गाणंही असंच हरवेल, या धास्तीने तिने ओवी फेसबुकवर टाकली. नाव, गाव, फोटोसकट. वर लिहिलं, ‘गोजराबाई त्या ग्रीक कवयित्रीच्या सख्ख्या बहीण शोभतील. बाईचं बाईवरचं प्रेम इतकं निर्भीडपणे आपल्याकडे कुणी गायलंय?’

चार दिवसांत ते फिरत फिरत ठकूबाईंच्या सुनेच्या मोबाईलवर पोचलं. बुधवारी गोजराबाई गेल्या, तर ती दारात आडवी.

“म्हातारपणी ही कसली थेरं? लोकं हसत्यात आमाला. पुन्यांदा यायचं न्हाई.”

गोजराबाईंनी हे अपूर्वाला सांगितलं ते जुईलीच्या टाळूवर तेल थापत. “तुमी वाइटासाटी न्हाई केलं, ताई,” म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं अपूर्वाला झालं.

तिने पोस्ट काढून टाकली. जुईलीला कडेवर घेऊन माफी मागायला चांद्याला गेली. “लिवणाऱ्या त्या तुमीच व्हय?” सुनेने विचारलं आणि दार लावलं. आतून कुणीतरी खोकत होतं. बराच वेळ.

तेवढं तिने येऊन सांगितलं. तेव्हापासून गोजराबाई गात नाहीत, रोज एकच विचारतात, “खोकला वला हुता का कोरडा?”

अपूर्वाला सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाच तिची विनंती आहे: चांद्याकडे गेलात, तर ठकूबाई कशा आहेत तेवढं बघून याल? अपूर्वाचं नाव मात्र काढू नका.