हिरव्या दोऱ्याची बाटली

कार्तिकात आमच्या घरी नव्या चिन्नोर तांदळाचा भात शिजतो. पातेल्यावरचं झाकण थरथरतं, कडेने पांढरा फेस उतू येतो आणि तो मऊ, ओलसर, दुधाळ दरवळ स्वयंपाकघर ओलांडून माझ्या खुर्चीपर्यंत येतो. गोंदियाकडच्या माणसाचं मन या वासाने निवतं. माझे मात्र मानेवरचे केस उभे राहतात. मी नकळत पाय वर घेतो, खिडकीबाहेरच्या जांभळाच्या बुंध्याकडे पाहतो, आणि तिथे काही नाही हे ठाऊक असूनही बराच वेळ पाहत राहतो. सून हाक मारते, "बाबा, पान वाढलंय." मी "आलो" म्हणतो आणि बसूनच राहतो. हा वास मला पारबताबाईने शिकवला. त्यातली भीतीही तिचीच आहे. माझ्याकडे ती ठेवायला दिल्यासारखी राहिली आहे.

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. विद्यापीठाच्या औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या संशोधन प्रकल्पाचा मी प्रमुख होतो आणि गोंदियात आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. पारबताबाई चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडच्या खेड्यातली. हिवाळ्यातल्या एका सकाळी ती मुळ्या आणि साली विकायला टोपली घेऊन आली, ती पुढे पाच वर्षं आमच्याकडे रोजीवर येत राहिली. पस्तिशीची, सडपातळ, उन्हाने रापलेली बाई. नाक बसकं, त्यात चांदीची बारीक चमकी. त्या नाकात काय होतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. टेबलावर अर्कांच्या बाटल्या उघड्या होत्या. तिने दारातूनच मान वळवली आणि म्हणाली, "हा नागरमोथा तलावाच्या पाळीवरचा नोहे जी. बांधीतला आहे. शेणखत खाल्लेला." मी वही पाहिली. तो धानाच्या बांधीतूनच आणलेला होता.

बाटली ती कधी नाकाशी नेत नसे. हातभर अंतरावर धरायची, डाव्या तळव्याने हवा हळूच आपल्याकडे ओढायची, मान किंचित कलती करायची आणि डोळे अर्धे मिटून थांबायची. जणू पलीकडच्या खोलीत कुणी हलक्या आवाजात बोलतंय आणि तिला त्यातला एक शब्दही सोडायचा नाही. सकाळचं तिरपं ऊन त्या वेळी तिच्या चमकीवर पडे आणि समोरच्या भिंतीवर प्रकाशाचा एक ठिपका थरथरत राही. तो ठिपका स्थिर झाला की समजावं, उत्तर आलं. मग ती सांगायची: तापल्या भिंतीवर पाणी मारल्यासारखा. नव्या मडक्याच्या बुडासारखा. गाईने चाटलेल्या वासराच्या कपाळासारखा. एकाच गवताचा आश्विनातला अर्क आणि मार्गशीर्षातला अर्क तिच्या लेखी दोन सख्ख्या बहिणी होत्या. चेहरा सारखा आणि स्वभाव वेगळा. पहिल्या चार वर्षांत तिने एकही उपमा दुसऱ्यांदा वापरली नाही. आमच्या वहीत 'गंध' नावाचा एक रकाना होता. तिचं ऐकून मी त्यात पेनने "मातकट", "काष्ठगंधी", "किंचित तिखट" असे शब्द लिहीत असे, आणि तिचे शब्द बाजूला पेन्सिलीने.

तिला अक्षर येत नव्हतं. मागेन ती बाटली फळीवरून काढून देता यावी म्हणून मी बाटल्यांच्या गळ्यात रंगीत दोरे बांधले होते. नागरमोथ्याला काळा, वेखंडाला पिवळा, तिखाडी गवताला हिरवा. ते दोरे तिला आवडत. "लेकराईच्या गळ्यात बांधल्यासारखे दिसतात," ती म्हणायची.

रानात तिच्याबरोबर चालणं हा निराळाच अनुभव होता. नागझिऱ्याच्या कडेच्या रानात नमुने गोळा करताना ती पुढे आणि मी मागे. मध्येच ती थबकायची, "इकडून नको जी" एवढंच म्हणायची आणि वाट बदलायची. कधी सांगायची, अस्वल बसून गेलं आहे. मी कधी पुरावा मागितला नाही. शहरातला भित्रा माणूस मी. तिच्या पाठीमागे मला रान घरासारखं वाटे.

आता ज्या खोलीने हे सगळं गिळलं तिच्याविषयी. अर्क आटवण्याची ती खोली लहान होती. मुळ्यांचा आणि पानांचा कस उतरवायला आम्ही ईथर आणि हेक्झेन ही विषारी वाफेची द्रावकं वापरत असू. दिवसभर ती मंद आचेवर उडत आणि त्या हवेतच पारबताबाई बाटल्या हुंगत बसे. खिडकी मी बंद ठेवायला लावली होती, कारण बाहेरून राइस मिलच्या कोंड्याची धूळ येई आणि गंधात गंध मिसळे. हवा बाहेर टाकणारा पंखा एका पावसाळ्यात बंद पडला. आमचा परिचर दोनदा म्हणाला, "सर, पंखा बनवा लो ना, इधर सिर पकड़ लेता है." हा घाणा उतरू दे, मग बघू, असं मी म्हणत राहिलो. सुरक्षेची एक नोंदवही होती. दर महिन्याला त्यात 'पंखा: चालू' असं लिहून मी सही करत होतो. जवळपास दोन वर्षं केली. पारबताबाई संध्याकाळी कपाळ दाबत बाहेर यायची, ओसरीवर जराशी बसायची आणि बसच्या वेळेला उठायची. मी ते पाहत होतो.

मग शेवटच्या वर्षीच्या कार्तिकातली ती दुपार. तिखाडीचे नमुने आणायला आम्ही गेलो होतो. परिचर जीपपाशी थांबला होता. गवत छातीपर्यंत वाढलेलं, तांबूस तुऱ्यांवर ऊन सांडलेलं, आणि तिच्या जावेने कोंबडं लपवून कसं पाहुण्याला फसवलं ते सांगत पारबताबाई पुढे चाललेली. तेवढ्यात मला भाताचा वास आला. गरम, ताज्या, नुकत्या उतरवलेल्या चिन्नोराचा. मी म्हणालो, "कुणी तरी भात शिजवतंय. भूकच लागली."

ती थांबली.

"कुठं जी? कसा येऊन राहिला?"

मी हसून सांगितलं, चिन्नोरासारखा. तिने आजूबाजूला पाहिलं. कोसभर झोपडी नव्हती, धूर नव्हता. चार पावलांवर ऐनाच्या झाडाच्या बुंध्यावर कमरेएवढ्या उंचीवर एक काळपट ओला पट्टा होता, आणि त्याच्या टोकाशी एक थेंब अजून लोंबत होता. तिने माझं मनगट धरलं.

"बोलू नोका. वाघ मुतला आहे. त्याचा वास असाच, भातासारखा. आत्ताच."

आम्ही पाठ न फिरवता मागे मागे सरकत आलो. गवत हललं नाही, पाखरू ओरडलं नाही, आणि ते न हलणं, न ओरडणंच माझ्या छातीवर बसलं होतं. पण ती वाघाच्या दिशेने पाहत नव्हती. ती हवा ओढत होती. पुन्हा पुन्हा, जोराने, तोंड किंचित उघडं टाकून. आटलेल्या विहिरीत पोहरा सोडावा, तो रिकामाच वर यावा आणि तरी पुन्हा सोडावा, तसं. माणसाचा इतका घाबरलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. वाघाची खूण तर चार पावलांवर होती. तिच्या आत जे नाहीसं झालं होतं ते किती दूर गेलं हे तिलाही कळत नव्हतं.

सडकेवर आल्यावर ती म्हणाली, "सर्दी आहे जी."

"सर्दीच असेल," मी म्हणालो. आम्हा दोघांनाही ते वाक्य हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला सर्दीच्या गोळ्या दिल्या.

आठवड्याने मी एक गोष्ट केली, ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. हिरव्या दोऱ्याची एक बाटली धुतली, कोरडी केली, तिच्यात साधं पाणी भरलं आणि इतर बाटल्यांत ठेवली. पारबताबाईने ती हातभर अंतरावर धरली, तळव्याने हवा ओढली, मान कलती केली. भिंतीवरचा ठिपका स्थिर झालाच नाही. ती म्हणाली, "घामेजल्या पदराला लिंबाची साल चोळल्यासारखा." गेल्या वर्षीच्या तिखाडीला तिने हेच म्हटलं होतं, शब्दन् शब्द. माझं पेन कागदावर थांबलं. वर पाहिलं असतं तर तिचे डोळे दिसले असते. मी वर पाहिलं नाही. मी लिहिलं.

अहवालाला तीन महिने उरले होते. खरं लिहायचं तर तो रकाना कोरा ठेवावा लागला असता. कोरा का, हे सांगावं लागलं असतं. तिला दवाखान्यात न्यावं लागलं असतं, आणि मग ती नोंदवही आणि तिच्यातल्या माझ्या सह्या. मी भ्यालो. तो सबंध हिवाळा ती आठवणीतून वास सांगत राहिली आणि मी लिहून घेत राहिलो. ती का बोलली नाही हे मी तेव्हा स्वतःला सोयीने समजावलं होतं: रोजी जाईल म्हणून. अहवाल छापून आला. तिचा उल्लेख 'स्थानिक मजूर' असा होता. प्रकल्प संपला, आणि ज्या रानात तिचं नाकच तिचा पहारेकरी होतं, त्या रानात ती मोहफुलं वेचायला परत गेली.

पुढच्याच चैत्रात वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. मोहफुलं वेचताना अस्वलाच्या हल्ल्यात महिला गंभीर जखमी. तिच्याच गावाचं नाव होतं, बाईचं नव्हतं. मी ते कात्रण कापलं, घडी केली आणि पाकिटात ठेवलं. जाऊन विचारायला दीड तास पुरला असता. मी अनेक वर्षं गेलो नाही. ती बाई पारबता असेल या भीतीने गेलो नाही, आणि न गेल्यामुळे ती भीती दर चैत्रात पालवत राहिली.

निवृत्तीनंतर एकदा बसमध्ये बसलो तो तिच्या गावालाच उतरलो. तिच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि पारबताबाई धडधाकट, केस पिकलेली, दोर वळत बसली होती.

"या जी सर. रस्ता चुकले का?" ती म्हणाली. "मेली वाटलं असंन तुमाले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसतो न पुसतो तोच चहा आला. कप पुढे करणाऱ्या बाईचा डावा गाल कानापासून ओठापर्यंत ओढून शिवलेला होता आणि त्या बाजूचा डोळा नव्हता. "हे माही जाऊ, कौसल," पारबता म्हणाली. कोंबडं लपवणारी ती हीच. कौसल पाणी आणायला बोअरवर गेली तेव्हा पारबताने दोर खाली ठेवला.

"साऱ्या बाया माह्या नाकाच्या भरवशावर रानात येत जी. मी म्हटलं, चला, काही नाही. कौसल पहिल्या झाडाखाली वाकली, अन् अस्वलानं धरलं."

"वास येत नाही हे का नाही सांगितलं त्यांना?" मी विचारलं. आणि ते कुणाच्या तोंडून निघालं हे उमगून जीभ चावली.

ती रागावली नाही. तेच जास्त भयंकर होतं. "हिरव्या दोऱ्याच्या बाटलीत पाणी होतं नं? मांगून बोट बुडवून पायलं मी, चिकट नोहतं. तुमचं पेन थांबलं, अन् मंग चाललं. मले वाटलं, वास नाही आला तरी सांगता येते. लोक लिहून घेतात."

मी म्हणालो, मी हे सगळं खरं खरं लिहून काढतो. ती बोअरच्या दिशेने पाहत राहिली. "तुम्ही लिहून मोकळे व्हाल जी. मले याच आंगनात तिच्या हातचा चहा प्यायचा आहे. मी आहो तवर नोको."

यंदा पौषात पारबताबाई गेली. तापाने, घरात, आपल्या खाटेवर. हे लिहिण्याआधी मी कौसलला भेटलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं: खोली, पंखा, सह्या, पाणी. ती खडे वेचत राहिली. मग तिचा हात सुपात थांबला.

"त्याच्या बादही रानात जात होतो आमी," ती म्हणाली. "तवापासून पारबता मले मांगं ठेवे. सदा पुढं चाले. मी म्हणो, नाकासाठी चालते पुढं."

मग ती पुन्हा खडे वेचू लागली. मी उठलो नाही. अंगणातलं ऊन सरकत सरकत आमच्या पायांवरून भिंतीवर गेलं.

तर माझी नोंद अशी. त्या शेवटच्या हिवाळ्यातल्या 'गंध' या रकान्यातल्या सर्व नोंदी खोट्या आहेत. त्या खोडाव्यात, आणि जागा कोरी ठेवावी. पंखा बंद होता. पेन्सिलीने लिहिलेले आधीच्या वर्षांचे शब्द मात्र तिचे आहेत आणि खरे आहेत. त्या बाटल्यांतले अर्क एव्हाना उडून गेले असतील, दोरे विटले असतील. चिन्नोर शिजतो तेव्हा मला अजूनही आधी तो ओला बुंधा आठवतो आणि मी पाय वर घेतो. मग दिसते एक पाठ. हवेतून काहीच न उमगणारी, तरीही दुसरीच्या पुढे होऊन गवतात शिरणारी. वर्षं सरत जातात, वास विरून जातात, माणसं मातीत मिसळतात. ती पाठ मात्र माझ्यापासून तेवढ्याच चार पावलांवर राहते, आणि आता पुढे काय आहे हे मला सांगायला कुणी थांबत नाही.