शबनमचा लगाम

मी एक जुना लगाम आहे. जालन्याच्या स्टेशनाजवळ एका चांभाराने मला शिवले. माझ्या एका टोकाला लोखंडी कडी आहे, ती घोडीच्या तोंडात बसते. दुसरे टोक हाकणाऱ्याच्या हातात असते. मध्ये डोळ्यांपाशी दोन झापडे आहेत, घोडीला मागची चाके दिसू नयेत म्हणून. मित्रांनो, हाताचे म्हणणे तोंडाला कळवायचे आणि तोंडाचे हाताला, एवढेच माझे काम.

काकासाहेबांनी माझ्या जिवावर आधी टांगा हाकला. रिक्षा वाढल्या तशी टांग्याची लग्नाची बग्गी झाली. घोडी शबनम. रोज संध्याकाळी ते मला तेल चोळायचे. गुंडाळले की मी मुठीत मावायचो.

मग त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा पडला. त्या हातात मला ठेवले तरी मी आहे की नाही हे त्यांना कळेना.

त्यांच्या मुलाचे नाव कल्याण. तो जालन्याच्याच एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात जातो. तो म्हणाला, "आबा, केदारखेड्याचा माणूस घोडी मागून राह्यला. देऊन टाकू. हाकणार कोण?"

"मी हाकते," कल्याणची बायको मीना आतून म्हणाली.

"तू? स्कूटी भिंतीला लावली अन् घोडी हाकती!"

"भिंत मधी आल्ती."

शेवटी असे ठरले, की कचरूलाल शेठच्या मुलाची, श्रेणिकची वरात मीनाने नीट नेली तर शबनम घरी राहील. नाहीतर ती केदारखेड्याला जाईल.

काकासाहेबांनी मीनाला आधी घोडीपाशी जाऊच दिले नाही. अंगणात खाटेवर बसून त्यांनी माझी कडी चांगल्या हातात धरली आणि डोळे मिटले. दुसरे टोक मीनाच्या हातात.

"मी घोडी. बोल माझ्याशी."

"मामा, गल्ली हसंल."

"हसू दे. बोल."

मीनाने हिसका दिला.

"अगं, जबडा काढती का सासऱ्याचा? नुसतं कळवायचं."

काही दिवसांनी तिने फक्त डावी करंगळी मिटली तरी ते डोळे न उघडता म्हणायचे, "डावीकडं. बराबर." मग त्यांनी तिला साज चढवायला शिकवले. आधी गळ्यातला पट्टा, मग पाठीवरचे खोगीर, मग मी, आणि सगळ्यात शेवटी बग्गी.

वरात निघाली. बँड, फटाके. शबनम थरथरली. ते थरथरणे मी मीनाच्या बोटांपर्यंत नेले. बोटे सैल झाली आणि शबनम चालू लागली. शेठ म्हणाले, "क्या बात है, सूनबाई!" कारखान्यातून परस्पर आलेला कल्याण म्हणाला, "राहू दे घोडी."

नवरदेव उतरला आणि मंगल कार्यालयामागे रिकामी बग्गी थांबली. शबनमच्या तोंडाला फेस होता, ओठांचे कोपरे लाल झाले होते.

"थांब गं बाई, आधी तुझं तोंड मोकळं करते," मीना म्हणाली आणि तिने मला काढले.

बग्गी अजून जोडलेलीच होती. झापडे निघाली तसे मागचे मोठे चाक शबनमला दिसले. ती उधळली. मी मीनाच्या हातात होतो. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हते. बग्गी फाटकावर आदळून उलटली आणि शबनमचा पुढचा पाय तिच्याखाली सापडला.

पाय बरा झाला, पण ती लंगडते. केदारखेड्याच्या माणसाने तिला शिंगरांसाठी नेले. टेम्पोत चढताना तिने मागे पाहिले नाही. घरात कोणी रडलेही नाही. काकासाहेब एवढेच म्हणाले, "जोडायचं शिकवलं. सोडायचं सांगायचं राह्यलं."

तेव्हापासून मी खिळ्यावर आहे. मला तेल लागलेले नाही. चामडे वाळले, त्याला चिरा पडल्या. हे सांगतानाही मला फारसे काही वाटत नाही.

परवा मीनाने मला खाली काढले. कडी सासऱ्याच्या चांगल्या हातात दिली, दुसरे टोक स्वतः धरले. काकासाहेबांनी डोळे मिटले. तिने डावी करंगळी मिटली. माझ्यातून काहीच पुढे गेले नाही.

काकासाहेबांनी कडी बोटांनी चाचपली.

"उजवीकडं?"

"बराबर, मामा," मीना म्हणाली.

मित्रांनो, वस्तू वापरात नसली तरी तिला तेल देत जा.