कप्तानाचे पाय टेकेनात

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि मला भयंकर राग आलाय. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की खुर्चीनं गोड गोड बोलून बसवलं.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंय. टीव्हीवर ते अवकाशयान येतं ना, वर्षानुवर्षं पृथ्वीची वाट शोधत भटकणारं, त्याच्या कप्तानाची खुर्ची म्हणजे मी. तुमच्या आईवडिलांनीही लहानपणी मलाच पाहिलंय. पण माझा जन्म काही अवकाशात झालेला नाही. सुतारानं एका न्हाव्याच्या दुकानातली मोडकी खुर्ची आणली, तिचा वर-खाली होणारा लोखंडी दांडा तेवढा ठेवला, त्यावर प्लायवूड ठोकलं आणि चंदेरी रंग फासला. माझ्या हातांवरची लाल-निळी बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं. त्यातलं एक दाबलं की अख्खा ग्रह उडायचा!

पहिला कप्तान बुटका होता. आवाज असा की छत हादरावं, पण उंची बेताची. सुतारानं त्याला बसवलं, कळ फिरवत मला खाली खाली नेलं, आणि त्याच्या टाचा जमिनीला टेकल्या तेव्हाच थांबला. "पाय लोंबकळणाऱ्या कप्तानाचं कोण ऐकणार?" असं म्हणाला. तेव्हापासून रीतच पडली. कप्तानकाका बसले की दोन्ही टाचा जमिनीवर आपटायचे. टक टक! तो आवाज आला की लाइटवाले मामा दिवे लावायचे. त्याआधी नाही, साहेबांनी, म्हणजे मालिकेच्या निर्मात्यांनी, कितीही आरडाओरडा केला तरी नाही.

काकांनी माझ्यावर बसून काय काय केलं! अंगात ताप असताना उल्का चुकवल्या. लहान मुलं बघायला आली की हातातला घास टाकून उठायचे, त्यांना माझ्यावर बसवायचे, बटणं दाबू द्यायचे. हळूहळू त्यांचे केस पिकले. त्यांचे गुडघे आणि माझा दांडा एकदमच कुरकुरायला लागले. साहेब चारचौघांत म्हणायचे, "काका आहेत म्हणून मालिका आहे." ओठांत एक आणि पोटात एक!

एकदा काका डोळे तपासायला गेले होते. त्या दुपारी साहेबांनी एक उंच, देखणा तरुण आणला. मला वर वर नेलं, त्याला बसवलं, आणि कॅमेऱ्यातून त्याचा चेहरा निरखला. तो गेल्यावर सगळ्यांना दम भरला, "काकांपाशी कुणी तोंड उघडलं तर कायमचं घरी बसवीन." आणि या गडबडीत मला पुन्हा खाली आणायचं मात्र विसरले.

दुसऱ्या दिवशी काका आले, नेहमीसारखे टेचात बसले आणि टाचा आपटल्या. आवाजच नाही. त्यांनी खाली पाहिलं. पाय अधांतरी लोंबत होते.

"इथं कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं. जो तो वायरी गुंडाळायला लागला. शेवटी मेकअपवाली ताई डोळे पुसत म्हणाली, "काका, नवा कप्तान बघून ठेवलाय हो त्यांनी."

माझ्या हातांना बोटं नाहीत म्हणून, नाहीतर साहेबांचं कानशीलच लाल केलं असतं. आयुष्य ओतलं त्या माणसानं, आणि त्याला हे कळावं कुठून? तर खुर्चीकडून! साहेब आले, हसत हसत म्हणाले, "अहो काका, सांगणारच होतो. योग्य वेळ बघत होतो." योग्य वेळ! डोंबलाची योग्य वेळ! आणि वर म्हणतात कसे, "गोष्टीत कप्तानावर एक किरण पडेल आणि त्याचा चेहरा बदलेल. लोक काय, चार दिवसांत विसरतात."

काकांनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाले, "मग तो किरण तरी माझ्या अंगावर पडू द्या. मुलांचा निरोप घेऊ द्या मला."

"नको. लोक रडतात आणि मग नव्याला जवळ करत नाहीत. पाठमोरा कुणालाही बसवू आम्ही."

आणि खरंच बसवलं हो! काकांचा पोशाख चढवून एक परका माणूस माझ्यावर येऊन बसला. मामा हाताची घडी घालून उभे. "दिवे लावा!" साहेब ओरडले. "टकटक कुठं झाली?" मामा म्हणाले. त्या माणसानं कशाबशा टाचा आपटल्या. मामांनी मान हलवली. "ही नव्हे."

बाजूला कोट घालून तयार उभा असलेला तो उंच तरुण, नवा कप्तान, गोंधळला. काय प्रकार आहे, असं त्यानं ताईला विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा पडला. "मला तर म्हणाले, काका आपणहून थांबताहेत." त्यानं अंगातला चंदेरी कोट काढला आणि माझ्या पाठीवर टाकला. "काकांना बोलवा. ते आल्याशिवाय मी हा घालणार नाही."

मग कुठं साहेबांचं नाक दाबलं गेलं आणि तोंड उघडलं. काका आले. स्वतः कळ फिरवून त्यांनी मला खाली घेतलं आणि बसले. टक टक! सगळे दिवे एकदम लागले. काकांनी मुलांकडे बघावं तसं कॅमेऱ्याकडे बघितलं आणि निरोप घेतला. मग उतरले, मला वर केलं आणि त्या पोराला बसवलं.

"टेकले का रे पाय?"

"टेकले, काका."

टाळ्या सगळ्यांत जोरात कुणी वाजवल्या असतील? साहेबांनी! निर्लज्जं सदासुखी म्हणतात ते काही खोटं नाही.

तुम्ही म्हणाल, झालं गेलं, आता कशाला चिडतेस? मित्रांनो, तो पोरगा आता पोरगा राहिलेला नाही. त्याच्याही कानशिलांवर चांदी आली आहे. आज तो मुलीच्या शाळेत गेला होता, आणि साहेब, आता काठी टेकत चालणारे साहेब, एका ठेंगण्या, चुणचुणीत तरुणीला घेऊन आले. मला खाली नेलं, तिला बसवलं आणि मला तशीच सोडून गेले. एवढ्या वर्षांत काडीची अक्कल आली नाही.

तिचा काही दोष नाही. बसू दे की, खुशाल बसू दे! खुर्चीवर माणसं बदलायचीच. पण ज्याला उठवायचं त्याला समोर बसवून, डोळ्यांत बघून सांगावं, एवढी माणुसकी तुम्ही तरी ठेवा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. स्टुडिओतल्या मंडळींनो, उद्या सकाळी तो येण्याआधी कुणीतरी त्याला सांगा.

आणि सांगायची हिंमत नसेल, तर मला हात लावू नका, गुपचूप पुन्हा वर करू नका. तो बसेल, त्याचे गुडघे छातीशी येतील आणि त्याला कळेल. निदान मी तरी त्याच्यापासून काही लपवणार नाही.