हंबीररावाच्या पायातला मतदारसंघ

"ह्या मतदारसंघातनं मला आता कुनी हलवू शकत न्हाई," सांगलीच्या पेठेतल्या हाटेलात मांडी ठोकून हंबीरराव म्हणाला. तेवढ्यात पेपर आला. सरकारनं मतदारसंघच हलवला होता. जुन्या पेठांचा तो चिमुकला मतदारसंघ मोडून अर्धा नदीपलीकडच्या उसाला आणि अर्धा कुपवाडच्या माळाला जोडला होता.

हंबीररावाचा चहा बशीतच निवला. बासष्ट साली त्यानं मारुतीपुढं शपथ घेतलेली, इथनं आमदार झाल्याबिगर पायात चप्पल घालणार न्हाई. त्या साली मतदानादिवशी त्यानं सगळ्या पेठेला मटण घातलं, आणि पेठ जेवून दिवसभर घोरत पडली. पुढच्या खेपेला उपाशी ठेवली, तर समोरच्याकडं जेवायला गेली. तिसऱ्यांदा त्यानं जेवण मतदानानंतर ठेवलं. पेठ समोरच्याला मत देऊन ह्याच्याकडं जेवायला आली.

आता पोरीचं लग्न तोंडावर. व्याही विट्याचे, सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यातले. त्यांनी निरोप धाडला, "पोरीचा बाप अनवानी आला तर लोक म्हनत्याल, हुंड्यात चपलाबी घेतल्या."

"आवं, मतदारसंघच मेला," बायको शालूबाई म्हणाली. "सुतकबी तेरा दिसच पाळत्यात."

"मारुतीला शब्द दिलाय गं."

"मग त्यालाच इचारा की. त्योबी ह्याच पेठंचा."

पेठ देवळात जमली. हाटेलवाल्या तात्याबानं कौल लावला, मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं ठेवली. उजवं पडलं की चप्पल घालायला देवाचा होकार. बराच वेळ काहीच पडेना.

"देवबी जेवल्याबिगर मत देत न्हाई काय?" मागनं कुणीतरी म्हणालं.

आणि उजवं पडलं.

"एकच मत, तेबी ह्यालाच," तात्याबा म्हणाला. "हंबीरराव बिनविरोध." पेठेनं गुलालाऐवजी हळद उधळली. बँड लागला, आणि पडलेल्या उमेदवाराची मिरवणूक तीन गल्ल्या फिरली.

मग चप्पल. पंधरा वर्षांत पाय भाकरीवानी पसरलेले, सांगली-मिरजेत मापाची जोडी मिळेना. शेवटी चपलावाल्या कोंडीबानं दोन जोड्यांचं कातडं लावून एक शिवली. हंबीरराव ती घालून गल्लीत करकर वाजवत हिंडला, पोरगी हसून हसून बेजार.

लग्नाच्या सकाळी तो मारुतीच्या पाया पडायला गेला.

"चपलांजवळ थांबू का?" तात्याबानं विचारलं.

"कशाला रं? माझ्याबिगर कुनाच्या पायात बसनार हाय ती?"

तो बाहेर आला तेव्हा डावी होती. उजवी कुत्र्यानं नेली होती.