वाडीचं गोड पाणी

लिंबाजी पाटलाला एक वेळ उपाशी राहणं चाललं असतं, पण पाहुण्यापुढे गढूळ पाणी ठेवणं चालायचं नाही. आणि नेमकी गावची सरकारी विहीर ढासळलेली. एका अंगाचं बांधकाम आत कोसळून पाण्याचा नुसता चिखल झाला होता. ते पिऊन त्याची नात जुलाबानं अंथरुणाला खिळली होती. निजामी अंमलात सोनपेठकडे वर्षाला एकाच विहिरीची दुरुस्ती मंजूर व्हायची. कुठली, ते विहिरींवर देखरेख करणारे दरोगासाहेब गावोगाव फिरून ठरवत.

साहेब यायच्या सकाळी पाटलाची बायको बायनाबाई म्हणाली, "आवं, त्येला आपल्या हिरीचंच पाणी द्या. एका घोटात समदं कळंल."

"येड लागलं का तुला? सरकारी माणसाला चिखल पाजू?"

लिंबाजीनं शेजारच्या वाडीच्या विहिरीचं पाणी मागवलं, माठात वाळा टाकून गार केलं. इतकी खातिरदारी त्यानं जावयाचीही केली नव्हती.

ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी तांब्या रिकामा केला आणि लोडाला टेकले. "वाह पटेल, क्या मीठा पानी है! असं पाणी असल्यावर विहीर काय बघायची?"

लाज गिळून लिंबाजी म्हणाला, "सायेब, हे पाणी वाडीचं हाय. आमची हीर ढासळलीया. तुमी बघा तरी चलून."

साहेब एकदम सावरून बसले. "म्हणजे तुम्हीही वाडीच्याच विहिरीवर? एका विहिरीवर दोन गावं! मग आधी तिलाच जपलं पाहिजे. यंदाची दुरुस्ती तिचीच!"

हिशेब बिनतोड होता. ऐन उन्हाळ्यात वाडीच्या धडधाकट विहिरीवर सरकारी माणसं आली, त्यांनी पाणी उपसून ती कोरडी केली आणि पुढच्या हुकमाची वाट बघत सावलीला बसली.

मग वाडीचा चंद्रभान पाटील लिंबाजीच्या दारात आला. मागं बायका, डोक्यावर रिकाम्या घागरी. "पाटील, आमच्या हिरीला सरकारनं हात लावला. तुमच्या हिरीवर येऊ का?"

"तितं चिखल हाय, चंद्रभान."

"असूंद्या. वलं तर हाय!"

दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? "या की," लिंबाजी म्हणाला. त्याला बायनाबाईची नजर सोसवेना. तिनं आपलं जुनं लुगडं आणलं, टराटरा फाडलं आणि एकेकीच्या हातात तुकडा दिला.

"दुपदरी करून गाळा बायांनो. अन् लेकरायला उकळूनच पाजा."